उसनं पाऊल

माझ्या उजव्या खुब्यात प्लास्टिकची एक वाटी आहे. तिच्यात सिरॅमिकचा गोळा फिरतो, गोळा टायटॅनियमच्या दांड्यावर बसवलेला आहे आणि दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत ठोकून घट्ट केलेला. त्या दांड्याचं अंग मुद्दाम खरखरीत ठेवतात, म्हणजे हाड हळूहळू त्याला धरून वाढतं. हे सगळं जानेवारी २०२० मध्ये ठाण्याच्या एका रुग्णालयात माझ्या शरीरात आलं. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. आज मी या खुब्यावर धावते. फार नाही, वेगातही नाही, पण धावते. आणि धावताना ज्यांची आठवण येते त्यांच्यातले निम्मे लोक मी कधी पाहिलेलेही नाहीत.

आधी त्या वाटीबद्दल सांगते.

१९६२ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात, राइटिंग्टन रुग्णालयाच्या छोट्याशा प्रयोगशाळेत एक विक्रेता आला. त्याच्याकडे एका नव्या प्लास्टिकचा तुकडा होता. लँकेशायरच्या कापडगिरण्यांमधल्या मागांची दातेरी चाकं त्या प्लास्टिकची बनत होती. तिथले शल्यविशारद जॉन चार्नली झिजलेल्या खुब्याच्या जागी कृत्रिम सांधा बसवण्याच्या ध्यासाने काम करत होते. त्यांनी तुकड्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि यात वेळ दवडू नकोस असं आपल्या तंत्रज्ञाला सांगून ते निघून गेले. तंत्रज्ञाचं नाव हॅरी क्रेव्हन. त्याने तो तुकडा तरीही झीज मोजायच्या यंत्रावर चढवला आणि यंत्र चालू ठेवलं. चार्नली परदेशातून परत आले तोवर तीन आठवडे उलटले होते, आणि टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं तेवढंही हे प्लास्टिक झिजलं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या पॉलिएथिलीनची वाटी पहिल्यांदा माणसाच्या खुब्यात बसली. माझी वाटी त्याच कुळातली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस किरणांचा मारा करून या प्लास्टिकचे रेणू एकमेकांत आणखी घट्ट गुंफण्याची रीत आली आणि झीज पुष्कळच कमी झाली. त्या सुधारलेल्या जातीची आहे ती.

ही हकिकत डॉक्टरांनी मला शस्त्रक्रियेच्या आधी, एक्स-रे दाखवता दाखवता सांगितली. त्यांना ती सांगायला आवडत असावी. मागाच्या चाकांचा उल्लेख आला आणि मला पुढचं काही ऐकूच येईना. कारण माझे बाबा जन्मभर साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले होते.

बाबा संगमेश्वरकडचे. लालबागच्या चाळीत आमचं बिऱ्हाड होतं आणि बाबा गिरणीत साचेखात्यात. शेकडो साचे एकाच वेळी चालायचे, धोटे इकडून तिकडे आदळायचे, त्या आवाजात माणसं ओठांच्या हालचालीवरून एकमेकांचं बोलणं ओळखायची. बाबांना पुढे कमी ऐकू येऊ लागलं ते त्यामुळेच. मी शाळेत धावायचे. शंभर मीटर, दोनशे मीटर, रिले. पहिली पाळी संपवून बाबा थेट मैदानावर यायचे, कपड्यांना सुताचे पिंजे चिकटलेले असायचे, आणि कडेला उभं राहून बघायचे. शाबासकी वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हती. एकदा पायात गोळा आला असताना मी तशीच धावत राहिले आणि पडले, तेव्हा घरी येताना ते एवढंच म्हणाले, "धागा तुटला की साचा थांबवायचा. नाही थांबवला तर पुढचं सगळं कापड वाया जातं. चांगला साचेवाला तो, ज्याचा हात वेळेवर दांडीवर जातो."

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मी त्याआधीच लग्न होऊन डोंबिवलीला आले होते. संप लांबत गेला, गिरणीचं दार बाबांसाठी पुन्हा उघडलं नाही आणि ते माझ्या भावासोबत डोंबिवलीला राहायला आले. गिरणीतले कितीतरी विणकर त्या काळात भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले, बाबाही त्यांच्यातलेच. कल्याणला उतरून एसटीने दुर्गाडीवरून खाडी ओलांडून भिवंडी, आणि रात्री तसंच परत. गिरणीतल्यापेक्षा पगार कमी, पाळी मोठी, कसलंही संरक्षण नाही. तरी घरी आल्यावर ते त्या मागांबद्दल आपुलकीनेच बोलायचे. २००३ मध्ये ते गेले. त्यांच्या हयातीत मला त्यांना हे सांगता आलं नाही की बाबा, मागाच्या चाकाचं प्लास्टिक एक दिवस तुमच्या मुलीच्या अंगात बसणार आहे. त्यांना ते पटलं असतं, आणि त्यांनी ते प्लास्टिक कोणत्या चाकाला कसं वापरतात हे डॉक्टरांना समजावून दिलं असतं, याची मला खात्री आहे.

लग्नानंतर धावणं सुटलं ते सुटलंच. सकाळची लोकल, ठाण्याला बँक, संध्याकाळची लोकल, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. त्या वर्षांबद्दल तक्रार नाही. बावन्नाव्या वर्षी, मुलं मार्गी लागल्यावर, बँकेतल्या एका मैत्रिणीने मला उपवन तलावावर ओढत नेलं. तिथे सकाळी सहाला बायकांचा एक गट चालायचा, त्यातल्या काही जणी धावायच्या. उजाडता उजाडता तलावाभोवतीची ती हवा, समोर येऊरचे डोंगर, आणि शेजारी आपल्याच वयाच्या, आपल्यासारख्याच पंजाबी ड्रेस आणि बुटातल्या बायका. काही महिन्यांत मी त्यांच्यासोबत धावू लागले, वर्षा-दोन वर्षांत ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये भर पावसात उतरले, पुढे जानेवारीतल्या मुंबईच्या शर्यतीतही. पंचवीस-तीस वर्षं ज्या शरीराकडे फक्त कामापुरतं पाहिलं होतं ते पुन्हा माझं झालं.

आणि मग खुबा दुखू लागला. आधी जांघेत, जिने चढताना. मग बसून उठताना. मग रात्री कूस बदलतानाही. गुडघा दुखतो म्हणून मी कितीतरी दिवस गुडघ्याला शेक देत होते. खुब्याचं दुखणं अनेकदा गुडघ्यात जाणवतं हे मला नंतर कळलं. ठाण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे लावून दाखवला तेव्हा सांध्यातली फट जवळजवळ नाहीशी झालेली होती. हाडावर हाड घासत होतं. धावण्याने हे झालं का, हा माझा पहिला प्रश्न होता. ते म्हणाले, "ताई, तसं मानायला आधार नाही. तुमच्या खुब्याची वाटी जन्मापासून थोडी उथळ आहे. धावला नसतात तरी हे कधीतरी आलंच असतं."

त्या एका उत्तरासाठीसुद्धा मी त्यांची ऋणी आहे. त्या वयातल्या बाईला दोष देणं किती सोपं होतं. नातेवाइकांनी तो दिलाच होता.

सांधा बदलायचा म्हटल्यावर घरात कोणी फारसं दचकलं नाही, हेही आता आठवतं. आमच्या आजीच्या काळात अशी बाई खाटेला खिळायची. महाराष्ट्रातल्या साध्या घरांमध्ये सांधेबदलाची भीती कमी झाली त्याला एक निमित्त २००० साली घडलं. पंतप्रधान वाजपेयींच्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन रानावत यांनी शस्त्रक्रिया केली आणि महिनाभर घराघरात तोच विषय होता. रानावत मूळचे मध्य प्रदेशातले, न्यूयॉर्कला स्थायिक झालेले. १९७४ मध्ये तिथे इन्सॉल आणि वॉकर यांच्यासोबत ज्यांनी आधुनिक कृत्रिम गुडघा घडवला, त्यांतले ते एक. दुसरं निमित्त पैशाचं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो गुडघा सरासरी दीड लाखाच्या वर विकला जात होता त्याची कमाल किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली. आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी चार वर्षं टाळलेली शस्त्रक्रिया त्यानंतर करून घेतली. खुब्याला ही मर्यादा लागू नव्हती, माझा खर्च माझ्या बँकेच्या विम्याने उचलला. पण वहिनींना जिना उतरताना पाहिलं होतं, म्हणून मला धीर होता.

रुग्णालयात माझ्या शेजारच्या खाटेवर मुरबाडकडची एक बाई होती. साधारण माझ्याच वयाची, अंगणात पडून खुब्याचं हाड मोडलेली. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आम्हाला वॉकर धरून उभं करायला आली तेव्हा माझे पाय लटपटत होते. नव्या सांध्यावर भार दिला तर तो निखळेल असंच वाटत होतं. ती बाई माझ्याआधी उठली. दात ओठांवर रोवून उभी राहिली, दोन पावलं टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "धरतंय गं बाय. ऊठ." त्या दोन शब्दांवर मी उठले. पुढे दोन-तीन दिवस आम्ही पुष्कळ बोललो. तिला लावणीपर्यंत शेतात जायचं होतं. मला काय हवंय असं तिने विचारलं तेव्हा मी धावण्याचं सांगितलं. ती खरोखरच विचारात पडली. "धावून कुठं जायाचं हाय तुला?" मला उत्तर सुचलं नाही, आणि तो प्रश्न चेष्टेचा नव्हता. तिच्या आयुष्यात कामाशिवाय कोणी धावलेलं तिने पाहिलं नव्हतं. मी तिला म्हटलं, कुठे नाही, पण तिथवर जाऊन यायचं आहे. ती हसली.

डॉक्टरांनी घरी सोडताना नियम सांगितले. मांडी घालायची नाही. पाटावर, स्टुलावर, कमी उंचीच्या कशावरही बसायचं नाही. कमरेतून काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही. पाय एकमेकांवर टाकायचे नाहीत, झोपताना दोन पायांमध्ये उशी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा. आणि धावणं? "चाला, पोहा, सायकल चालवा. धावण्याबद्दल मला वर्षाने विचारा." जगभरातले बहुतेक शल्यविशारद चालण्या-पोहण्याला मोकळीक देतात, धावण्याबद्दल मात्र त्यांच्यात आजही एकमत नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. माझ्या भिडेखातर हो म्हणाले नाहीत आणि स्वतःच्या सोयीसाठी नाहीही म्हणाले नाहीत.

वाकायचं नाही म्हटल्यावर पायात मोजे घालायचे कुणी? पाय सुजू नयेत, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून घट्ट मोजे घालावे लागत. ते चढवणं हे ताकदीचं काम. आमचे हे कल्याणच्या विजेच्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्या पायाला हात लावल्याचं मला आठवत नाही. आमच्या पिढीत ते होतच नसे. आता रोज सकाळी हे खाली बसायचे, माझं पाऊल स्वतःच्या मांडीवर घ्यायचे आणि मोजा घोट्यावरून सुरकुती न पडू देता वर चढवायचे. नंतर बूट. नंतर नाड्या, दुहेरी गाठीच्या. पहिल्या दिवशी मला इतका संकोच वाटला की मी डोळे मिटून घेतले. ह्यांना कसलाच संकोच नव्हता. "बेअरिंग नवीन आहे, जरा सांभाळून चालवायचं," म्हणाले. शेडमध्ये जन्म गेलेला माणूस, त्याला गोळा आणि वाटी यांच्यातलं अंतर, वंगण, झीज हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. डॉक्टरांना ह्यांनी विचारलेले प्रश्न माझ्या प्रश्नांहून चांगले होते. मी माहेरी, सासरी, बँकेत कधीही कुणाकडून अशी सेवा घेतली नव्हती. घेणं हे देण्यापेक्षा अवघड असतं, हे मला त्या आठवड्यांत कळलं, आणि ज्याने ते सोपं केलं त्याच्या नावावर हे ऋण आहे.

मग मार्च आला. जनता कर्फ्यू, टाळेबंदी, लोकल बंद. आमच्या अंगणातून जाणारी असावी इतकी सवयीची असलेली ती धडधड थांबली आणि डोंबिवली ओळखू येईनाशी झाली. माझी फिजिओथेरपिस्ट कल्याणहून यायची, तिचं येणं बंद झालं. ती माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. मला काकू म्हणायची, मी तिला बाळ म्हणायचे. तिने एक दिवसही खंड पडू दिला नाही. हे फोन धरून उभे राहायचे, व्हिडिओवर ती पाहायची आणि मी गॅलरीत भिंतीला धरून पाय बाजूला उचलायचे. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला एक स्नायू आहे, एका पायावर उभं राहिलं की कंबर दुसऱ्या बाजूला लवू नये हे त्याचं काम. वर्षानुवर्षं लंगडून माझा तो स्नायू झोपी गेला होता. "काकू, कंबर पडली. पुन्हा." "काकू, खांदा झुकवून मला फसवू नका. पुन्हा." तिचं स्वतःचं घर एका खोलीचं होतं, मागे तिच्या आईचा आवाज, भांड्यांचा आवाज यायचा. तिचे वडील त्या काळात आजारी होते हे मला फार उशिरा, दुसऱ्या कुणाकडून कळलं.

ऑक्टोबरात बायकांसाठी लोकल सुरू झाली आणि तीही पुन्हा येऊ लागली. आम्ही ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर चालायला जायचो. डोंबिवली-कल्याणमधली निम्मी चालणारी-धावणारी मंडळी सकाळी तिथे असतात. पुढे कल्याणच्या टोकाला नव्या पत्रीपुलाचं काम चाललं होतं. जानेवारी २०२१ मध्ये पूल खुला झाला तोवर माझी काठी सुटली होती, वेगाने चालता येत होतं आणि मी रोज तिला एकच गोष्ट विचारत होते.

ती नाही म्हणायची.

नातवाने मला अँडी मरेची बातमी दाखवली होती. टेनिसपटू, जानेवारी २०१९ मध्ये खुब्याची शस्त्रक्रिया आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अँटवर्पची स्पर्धा जिंकला. मी ते तिला उत्साहाने सांगितलं. तिने रस्त्याच्या कडेला थांबून, मुठीवर तळहात ठेवून मला समजावलं की त्याच्या हाडाचा गोळा काढलेला नाही, त्यावर फक्त धातूची टोपी चढवलेली आहे. त्याचं वय एकतीस होतं. आणि त्याच्यामागे दिवसभर राबणारी माणसं होती. "तुमचं ऑपरेशन वेगळं, काकू. तुमचा हिशेब वेगळा." बर्लिनमध्ये काही रुग्णांच्या कृत्रिम खुब्यात भार मोजणारी उपकरणं बसवली गेली होती. गेऑर्ग बर्गमान यांच्या त्या मोजमापांवरून कळलं की चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो आणि धावताना पाचपटीच्या आसपास. तिने ते आकडे मला रस्त्यावर उभ्या उभ्या सांगितले आणि म्हणाली, "एका पायावर तुम्ही कंबर न पडता उभ्या राहत नाही, तोवर हा पाचपट भार कुणी झेलायचा? प्लास्टिकने?"

मी रागावले. दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. ती तिसऱ्या दिवशीही वेळेवर आली आणि म्हणाली, "काकू, मी तुम्हाला हो म्हटलं तर तुम्ही खूश व्हाल आणि मला पैसे पण मिळतील. तरी मी नाही म्हणतेय."

त्या क्षणी मला बाबांचा हात दिसला, दांडीवर गेलेला.

माझ्या धावण्याबद्दल कुणी विचारलं की लोकांना जिद्दीची गोष्ट ऐकायची असते. वयाच्या साठीनंतर, शस्त्रक्रियेनंतर, सगळ्यांनी नको म्हटलं तरी धावली, असं काहीतरी. माझ्याकडे ती गोष्ट नाही. जिद्द मला पुरेपूर होती आणि ती एकटी असती तर सांधा सैल झाला असता किंवा मी पडले असते. मला धाव म्हणणारे खूप होते. उपवनच्या मैत्रिणी, मुलं, नातू, सगळे मायेने म्हणत होते. पण ज्यांनी माझं मन दुखावण्याची तयारी ठेवून मला थांबवलं ते दोघंच, डॉक्टर आणि ही मुलगी. त्यांच्याशी माझं रक्ताचं नातं नाही. माझा राग सहन करण्यात त्यांचा काही फायदा नव्हता.

वर्ष उलटल्यावर एक्स-रे काढला. दांडा पक्का, वाटी जागच्या जागी. डॉक्टरांनी अटी घातल्या: रोज नाही, आठवड्यातून फार तर दोन-तीनदा; एक मिनिट धाव आणि चार मिनिटं चाल, इथून सुरुवात; मातीची किंवा ट्रॅकची जमीन मिळाली तर उत्तम; वजन वाढू द्यायचं नाही; पडायचं तर मुळीच नाही; जांघेत किंवा मांडीत दुखलं की त्याच दिवशी बंद; आणि दरवर्षी एक्स-रे. "हा सांधा मी तुम्हाला धावायला दिलेला नाही. तो जगायला दिलाय. त्यातून थोडं धावता आलं तर मला आनंदच आहे." पावसाळा आम्ही जाऊ दिला. ओल्या रस्त्यावर नव्या सांध्याने सुरुवात करायला ती मुलगी तयारच नव्हती.

पहिल्यांदा धावले ती दसऱ्यानंतरची सकाळ. ती माझ्या उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, तिची नजर माझ्या कमरेवर. हे थोडे पुढे, हातात घड्याळ. एक मिनिट. पाऊल पडत होतं आणि दुखत नव्हतं. दुखत नाही हेच इतकं नवं होतं की मला धावण्याचा आनंद कळायला आणखी काही दिवस लागले. तिने सांगितल्यावर मी थांबले. एका मिनिटाला एक मिनिट, न वाढवता. त्या दिवशी घरी जाऊन मी मुरबाडला फोन केला. "जाऊन आलीस का?" तिने विचारलं. म्हटलं, आले. ती आता चिखलात उतरत नाही, सुना लावणी करतात आणि ती बांधावर उंच खुर्ची टाकून रोपांच्या जुड्या मोजते. हे खुर्चीचं तिच्या सुनांनी ठरवलं. तिलाही थांबवणारं कुणीतरी आहे, याचं मला बरं वाटलं.

आता थोडं त्या लोकांबद्दल, ज्यांना मी पाहिलेलं नाही.

चार्नलींनी पॉलिएथिलीनच्या आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या होत्या, सुमारे तीनशे रुग्णांना. सुरुवातीला सगळे आनंदात होते. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, झिजलेल्या कणांनी भोवतालच्या ऊतींमध्ये दाह झाला, हाडं पोखरली गेली आणि त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. टेफ्लॉनचा ऊतींवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी चार्नलींनी त्याचे तुकडे स्वतःच्या मांडीत बसवून घेतले होते. त्यांचं धैर्य सगळे सांगतात. मला त्या तीनशे जणांचं धैर्य जास्त मोठं वाटतं. त्यांची नावं आपल्याला कुणी सांगत नाही. लँकेशायरमधली साधी माणसं, त्यांच्यात गिरणीत राबलेलीही असतील. एकदा बरं वाटून पुन्हा दुखू लागणं काय असतं ते मी जाणते, आणि ती पुन्हा त्याच डॉक्टरकडे, पुन्हा त्याच टेबलावर गेली. झीज हाच खरा शत्रू आहे हे त्यांच्या दुखण्यातून कळलं, म्हणून हॅरी क्रेव्हनने तो तुकडा यंत्रावर चढवला. आणि पुढे चार्नली आपल्या रुग्णांना विचारत असत की तुमच्या मृत्यूनंतर हा सांधा आम्हाला तपासायला द्याल का. माणसं हो म्हणत. वीस वर्षं वापरलेला सांधा आतून कसा दिसतो, कुठे झिजतो, सांधा बसवायला वापरलेलं सिमेंट हाडाला कसं धरून राहतं, हे जगाला त्यांच्यामुळे समजलं. बर्लिनच्या त्या रुग्णांनीही आपल्या खुब्यात उपकरण बसवू दिलं, आणि १९७९ पासून स्वीडनमध्ये बदललेल्या प्रत्येक खुब्याची नोंद ठेवली जाते, त्या नोंदीतली लाखो माणसंही याच रांगेतली. माझं एक मिनिट त्यांनी आधीच मोजून ठेवलं होतं.

या ऋणाचं काय करायचं हे मला बराच काळ कळत नव्हतं. ती मुलगी तर पैशांचा विषय काढू देत नाही. कल्याणला तिने आता स्वतःची छोटी जागा घेतली आहे. शस्त्रक्रियेची भीती वाटणाऱ्या बायका आल्या की ती मला फोन करते आणि मी जाऊन बसते. मी त्यांना धावण्याबद्दल सांगत नाही. मोजे कुणाकडून घालून घ्यायचे ते सांगते, कमोडची उंची सांगते, आणि दुसऱ्या दिवशी उभं राहताना सांधा धरतो हे सांगते.

डोंबिवलीत देहदानाचं काम बरीच वर्षं चालत आलेलं आहे. गेल्या वर्षी मी अर्ज भरला. वारसाची संमती लागते, तिथे ह्यांनी सही केली, मुलीनेही केली. मग वार्षिक तपासणीला ठाण्याला गेले तेव्हा डॉक्टरांना सांगितलं की माझ्यानंतर हा खुबा उघडून बघा, धावलेल्या बाईची वाटी किती झिजली ते मोजा, कुणाच्यातरी उपयोगी पडेल. ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी फाइल उघडली, माझ्या नावाखाली ते लिहून घेतलं, आणि या वर्षीचा एक्स-रे मागच्या वर्षीच्या शेजारी लावून पट्टीने गोळ्याच्या वरची जाडी मोजायला घेतली. फरक सापडला नाही. पावसाळाभर ट्रॅकवरच धावायचं, रस्त्यावर नाही, असं त्यांनी नव्याने बजावलं आहे. ह्यांनी डोंबिवलीच्या क्रीडा संकुलाच्या वेळा विचारून ठेवल्या आहेत.